दुपारची गोळी

कैरवानच्या जुन्या शहरात, लोकरवाल्यांच्या गल्लीत, हेदियाला सगळे गर्विष्ठ म्हणत. ते खोटं नव्हतं. नाकावर माशी बसू द्यायची नाही, हा तिचा स्वभावच होता. पण गर्व करायला तिच्याजवळ काही होतं, हेही खरं. नवरा गेला तेव्हा मुलगा मुख्तार सहा वर्षांचा होता. तेव्हापासून हेदियाने मक्रूद तळून घर चालवलं. रव्याची पारी, आत खजुराचं सारण, तेलात तळून मधाच्या पाकात टाकलेली ती वडी कैरवानात घरोघरी होते, पण हेदियाच्या मक्रूदला नावं ठेवणारा अजून जन्माला यायचा होता. असं लोक म्हणत, आणि त्यांच्याआधी ती स्वतः म्हणायची.

दुसरा गर्व रोज्यांचा. अकराव्या वर्षापासून तिचा एक रोजा बुडाला नव्हता. पाळीच्या दिवसांत सुटलेले रोजे बाकीच्या बायका पुढचा रमजान तोंडावर येईपर्यंत ढकलत बसायच्या. हेदिया ईद झाली की आठवड्याभरात फेडून मोकळी व्हायची आणि मग बाकीच्यांना विचारत फिरायची, “तुझे झाले का गं?”

अशा बाईच्या घरात नज्वा सून म्हणून आली. गालिचे विणणारी मुलगी, बोटं अशी चपळ की गाठ कधी पडली ते दिसायचं नाही. हसरी, थोडी फटकळ. सासू-सुनेचं बरं जमलं, म्हणजे दोघी एकमेकींचं ऐकून घ्यायच्या नाहीत आणि दोघींना त्याची मजा वाटायची.

दुसऱ्या बाळंतपणानंतर तिसऱ्या आठवड्यात नज्वाची झोप उडाली. एक दिवस नाही, पाच दिवस. बोलणं थांबेना. मागावरचा अर्धा विणलेला गालिचा तिने उसवून काढला, कारण त्यातल्या नक्षीत तिला कुणाचा तरी हुकूम वाचता येत होता. बाळाला, अनीसला, ती छातीशी घेऊन छतावर जाऊन उभी राहिली तेव्हा मुख्तारने तिला धरून खाली आणलं. आणि मग एके सकाळी ती भिंतीकडे तोंड करून निजली ती बोलेचना.

हेदियाने गल्लीत सांगितलं, “अशक्तपणा आहे. दूध कमी येतंय.” झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि मूठ झाकून तिने जे जे करतात ते सगळं केलं. पिराच्या कबरीवर मेणबत्त्या लावल्या, काळा कोंबडा दिला, ऊद जाळला, मंतरलेलं पाणी पाजलं. एका मांत्रिकाने सांगितलं की सुनेवर जिनाची नजर आहे. दुसऱ्याने सांगितलं की एक नाही, दोन जिन आहेत. सहा आठवडे गेले. नज्वाच्या गळ्याची हाडं दिसायला लागली.

अनीसच्या लसीचा दिवस आला म्हणून हेदिया सुनेला आणि नातवाला घेऊन सरकारी दवाखान्यात गेली. तिथली नर्स नझिहा पंचवीस वर्षं त्याच खुर्चीत बसलेली. तिने बाळाला सुई टोचली आणि नजर मात्र आईवरून काढली नाही.

“हेदिया मावशी, नातू गुटगुटीत आहे. सून किती दिवस झोपली नाही?”

“अशक्तपणा आहे गं. बाळंतिणीला असतोच.”

“अशक्त माणूस झोपतो. हिचे डोळे बघा. काय काय केलंत आतापर्यंत?”

हेदियाने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच सगळं सांगितलं. कोंबड्यासकट.

“मग?” नझिहा म्हणाली. “कोंबडा लागू पडला का?”

हेदियाला राग आला. नझिहाने कागदाच्या मागे सूस शहरातल्या मोठ्या इस्पितळाचं नाव लिहिलं आणि मानसिक आजारांच्या विभागाचा मजलाही लिहिला.

“वेड्यांच्या दवाखान्यात नेऊ मी सुनेला? लोक काय म्हणतील?”

“लोक मयताला येतील तेव्हाही काहीतरी म्हणतीलच, मावशी,” नझिहा म्हणाली, आणि तिने पुढच्या बाळाला बोलावलं.

ते वाक्य हेदियाच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सुनेला घेऊन सूसच्या वडापमध्ये बसली. गल्लीत सांगून ठेवलं की दात दाखवायला चाललेय. पुढे तीन महिने ती अशीच दाताला जात राहिली. तोंडात तिच्या बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत होते, आणि समोरच्या घरातली शेल्बिया ते रोज मोजू शकत होती.

पहिला डॉक्टर घाईचा निघाला. त्याने नज्वाला काही विचारलंच नाही. जे विचारायचं ते मुख्तारला विचारलं आणि एक इंजेक्शन लिहून दिलं. त्याने नज्वा दिवसभर पडून राहू लागली, तोंडातून लाळ गळायची. दोन आठवड्यांनी हेदिया पुन्हा सूसला गेली आणि खिडकीवरच्या माणसाशी भांडली. “मी सून आणली होती, उशी नव्हती आणली. दुसरा डॉक्टर द्या.” तो म्हणाला, अशी पद्धत नाही. हेदिया म्हणाली, पद्धत पडेपर्यंत मी इथेच बसते, आणि खिडकीसमोर लादीवर मांडी घालून बसली. दुपारपर्यंत पद्धत पडली.

अशी डॉक्टर इन्साफ भेटली. ती मंगळवारी बसायची. बारीक चणीची, चष्मा डोक्यावर सरकवून बोलणारी. तिने हेदियाला आणि मुख्तारला बाहेर बसवलं आणि नज्वाशी एकटीशी पाऊण तास बोलली. त्या पाऊण तासात हेदियाने दाराला तीनदा कान लावला आणि तीनदा नर्सने तिला उठवलं. मग सगळ्यांना आत बोलावून डॉक्टरने सांगितलं, हा आजार आहे, त्याला नाव आहे, बाळंतपणानंतर तो वर येतो तसा हिचा आला. लिथियमच्या गोळ्या, दिवसातून तीनदा. महिन्याला रक्त तपासायचं. आणि या औषधावर बाळाला अंगावर पाजायचं नाही.

“अंगावरचं तोडायचं?” हेदिया उसळली. “तीन महिन्यांच्या पोराचं? आमच्या घरात दोन वर्षं पाजतात!”

“आत्याबाई,” नज्वा म्हणाली. कित्येक आठवड्यांत तिने सासूला हाक मारली नव्हती. “त्याला बाटली चालेल. त्याला आई पण पाहिजे.”

हेदियाने परतताना वाटेत बाटली घेतली. गोळ्यांचा डबा मात्र तिने आपल्याकडे घेतला. सकाळ, दुपार, संध्याकाळ स्वतःच्या हाताने गोळी द्यायची आणि नज्वाने गिळेपर्यंत समोर उभी राहायची. मध्ये एकदा देशभर ती गोळी मिळेनाशी झाली, तेव्हा कैरवानातली सगळी औषधाची दुकानं पालथी घालून ती पार दूरच्या स्फाक्स शहरापर्यंत गेली आणि दोन डबे घेऊन परतली. वाटेत भेटलेल्या प्रत्येक दुकानदाराला तिने जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण सुनेची गोळी एक दिवसही चुकली नाही. पाचव्या महिन्यात नज्वा मागावर बसली. उसवलेला गालिचा तिने पुन्हा पहिल्यापासून धरला, आणि खटखट ऐकून हेदिया स्वयंपाकघरात एकटीच रडली. आनंदानेच.

मग रमजान आला, ऐन उन्हाळ्यात. आदल्या मंगळवारी डॉक्टर म्हणाली, “रोजे करायचे नाहीत हं. पाणी भरपूर प्यायचं. हीच सूचना पुढच्या वर्षीही.” हेदियाने मान डोलावली. अशा सूचना डॉक्टर सगळ्यांनाच करतात, तिच्या गुडघ्यांनाही केली होती, आणि गुडघ्यांनी पन्नास रोजे आरामात काढले होते. शिवाय सून आता टवटवीत दिसत होती. टवटवीत बाई रोजा धरत नाही, म्हणजे काहीतरी आहे, हे शेल्बियाच्या लक्षात यायला दोन दिवस पुरले असते. नज्वालाही धरायचाच होता. तिला बरं व्हायचं होतं, आणि आमच्याकडे बरी झालेली बाई रोजा धरते.

तेव्हा हेदियाने स्वतःच वेळा बदलल्या. सकाळची आणि दुपारची गोळी पहाटे रोजा धरण्याआधी, सहरीला एकदम, तिसरी रोजा सोडताना. तीन त्या तीनच, हिशोब पक्का. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सतरा दिवस निभावले. अठराव्या दिवशी वाळवंटाकडून गरम वारा सुटला. दुपारी नज्वाचे हात थरथरायला लागले, मागाचा दोरा धरता येईना. उलट्या झाल्या. चालताना झोक जाऊ लागला, जीभ जड झाली. दुखणं परत आलं, असं हेदियाला वाटलं. दुखणं परत आलं तर काय करायचं? औषध द्यायचं. तिने डबा उघडला आणि आणखी एक गोळी सुनेच्या तोंडात घातली.

तासाभरात नज्वा कुणाला ओळखेना. मुख्तारने तिला गाडीत घातलं आणि सूसचं इस्पितळ गाठलं. तिथला तरुण डॉक्टर विचारत होता, काय खाल्लं, काय घेतलं, गोळ्या किती. मुख्तारला काही माहीत नव्हतं. आजूबाजूला वीस-पंचवीस माणसं, त्यांत कैरवानचीही दोघं-तिघं. हेदिया पुढे झाली.

“काल संध्याकाळपासून चार,” ती मोठ्याने म्हणाली. “तीन तिच्या, चौथी मी दिली. माझ्या हाताने. आणि अठरा दिवस ती रोजे धरतेय, तेही मीच धरायला लावले. लिहून घ्या.”

गर्विष्ठ बाईने आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत स्वतःची चूक सांगितली होती, आणि तिच्या आवाजात कंप नव्हता. मला विचाराल तर तिच्या साऱ्या आयुष्यात तिने इतकं मोठं काही केलं नाही. त्या उत्तरामुळे डॉक्टरांना नेमकं काय करायचं ते लगेच कळलं. सलाइन लागलं, रक्त तपासलं, आणि नज्वा वाचली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर इन्साफ आली. हेदिया बोलणी खायच्या तयारीने उभी राहिली.

“ही गोळी पाण्यावर चालते,” डॉक्टर म्हणाली. “अंगातलं पाणी आटलं की औषध रक्तात साठतं आणि त्याचंच विष होतं. हे मी तुम्हाला तेव्हाच नीट समजावून सांगायला हवं होतं. नुसतं ‘रोजा नको’ म्हणाले, कारण सांगितलं नाही. ते माझंही चुकलं.”

हेदियाला वाटलं होतं डॉक्टर चुकत नाहीत. चुकलेली आणि तसं म्हणणारी डॉक्टर पाहिल्यावर तिचा त्या बाईवर कायमचा विश्वास बसला.

चौथ्या दिवशी नज्वा उठून बसली. पहिलंच वाक्य बोलली ते असं, “आत्याबाई, डबा माझ्याकडे द्या.”

“अगं, मी आता नीट...”

“तुम्ही माझ्यासाठी लादीवर बसलात, स्फाक्सला गेलात. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण गोळी माझ्या पोटात जाते. डबा माझ्याकडे.”

हेदियाला लागलं. फार लागलं. पण तिने पिशवीतून डबा काढून दिला. नज्वा तिथे दहा दिवस होती. त्या दहा दिवसांत ती नर्सकडून सगळं शिकली. कोणत्या लक्षणाला घाबरायचं, शेवटच्या गोळीनंतर किती तासांनी रक्त द्यायचं, दुसरं कुठलं औषध घेण्याआधी काय विचारायचं. परत आल्यावर हेदिया मशिदीच्या इमामांकडे गेली. ते म्हणाले, कायमच्या आजारात रोजा माफ आहे, प्रत्येक दिवसाला एका गरिबाला जेवू घाला म्हणजे झालं.

“मग हे शुक्रवारी मोठ्याने का सांगत नाही?” हेदियाने विचारलं. “की बायकांनी मेल्यावर ऐकायचं?”

पुढच्या रमजानात गरिबाचं ताट पहिल्या दिवसापासून जात होतं. पण जुनी सवय सहज जात नाही. हेदियाने सुनेला एकीकडे घेऊन सांगितलं, “कुणी विचारलं तर साखरेचा आजार म्हणायचं. साखरेला कुणी हसत नाही.” नज्वा स्वयंपाकघराच्या दाराआड पाणी प्यायची, गोळी घ्यायची, आणि हेदिया दाराशी पहारा द्यायची. कुणी आलं की ही खोकायची आणि आत नज्वा घाईघाईने ग्लास लपवायची. दोनदा असं झालं की लपवण्याच्या नादात दुपारची गोळी राहूनच गेली आणि संध्याकाळी लक्षात आलं. नज्वा रात्री मुख्तारला म्हणाली, मला या दाराची भीती वाटते. ते हेदियाने ऐकलं.

पंचविसाव्या रोज्याला गल्लीतल्या बायका दरवर्षीप्रमाणे हेदियाच्या अंगणात ईदचे मक्रूद करायला जमल्या. चौदा जणी. रवा मळून झाला, वळ्या लाटून झाल्या, साच्यांचे ठसे उमटले, पहिला घाणा तळून पाकात पडला. आणि मग दरवर्षीचा प्रश्न आला, चव कोण बघणार? सगळ्या रोज्याच्या. अशा वेळी आमच्याकडे एखादी बाई, जिचे ते चार दिवस असतात, काही न बोलता उठते, वडी उचलते, दाराआड जाऊन येते आणि मान हलवते. तिला कुणी काही विचारत नाही. त्या दिवशी कुणीच उठेना. पोरं खेळायला पांगलेली. हेदियाला तर चव बघून घ्यायचीच होती, कारण खजूर नव्या दुकानातला होता.

“कुणी मोकळं आहे का गं?” तिने विचारलं.

“नज्वाला विचार की,” शेल्बिया रव्याचे हात झटकत म्हणाली. “तिची या वर्षी पहिल्या रोज्याला आली ती अजून गेलेली नाही. चोवीस दिवस झाले. दाईला दाखवा बाई!”

बायका हसल्या. काही खो खो हसल्या, काही ओठ दाबून. हेदियाची कानशिलं तापली. तिच्या जिभेवर ठरवलेलं उत्तर आलं, साखरेचा आजार. आणि त्याच क्षणी तिला कळलं की साखरेच्या आजारी बाईला पाकातली वडी चाखायला सांगता येणार नाही.

नज्वा उठली. दुपारचे दोन वाजले होते. ती आत गेली नाही. तिने खिशातून डबा काढला, हौदाजवळच्या माठातून मोठा ग्लास भरून घेतला, गोळी जिभेवर ठेवली आणि उन्हात, चौदा कोरड्या तोंडांसमोर, तो ग्लास शेवटपर्यंत प्याली.

“पाळी नाही, शेल्बिया मावशी,” ती म्हणाली. “डोक्याचं दुखणं आहे. अनीसच्या वेळी झालं. पाच दिवस झोपले नव्हते आणि पोराला घेऊन छतावर गेले होते. ही दुपारची गोळी. पाणी प्यायलं नाही तर ही गोळीच मला मारेल. मागच्या वर्षी मारतच होती. सूसला डॉक्टर इन्साफ म्हणून आहे, मंगळवारी बसते. मी तिच्याकडे जाते आणि जन्मभर जाणार आहे.”

कोपऱ्यात बसलेली तांबटाची सून, जिला मागच्या महिन्यात मूल झालं होतं, हातातली वळी तशीच धरून नज्वाकडे बघत होती. तिने हळूच विचारलं, “मंगळवारी सकाळी की दुपारी?”

“सकाळी. साताच्या गाडीने निघायचं. मी येते तुझ्याबरोबर.”

मग नज्वाने पाकातली एक वडी उचलली. कोपरा मोडला नाही, अख्खी तोंडात घातली. सावकाश चावली. चौदा जणी तिच्या जबड्याकडे बघत होत्या.

“आत्याबाई,” ती म्हणाली, “सारणात दालचिनी जास्त झाली.”

कुणीतरी श्वास आत ओढला. तीस वर्षांत हेदियाच्या मक्रूदबद्दल असं कुणी बोललं नव्हतं, आणि तेही चारचौघांत, आणि तेही सून! शेल्बियाला राहवेना. “ऐकलंस का हेदिया? सगळ्यांच्या तोंडावर तुझी चूक काढली तिने!”

हेदियाने सुनेकडे पाहिलं. ताठ उभी होती, ओठांना पाक लागला होता, हात स्थिर होते. हेदियाला तिचा फार अभिमान वाटला, आणि तिने तो लपवला नाही.

“काढू दे,” ती म्हणाली. “मागल्या वर्षी आजच्या दिवशी ती सूसला खाटेवर पडली होती, हाताला नळ्या लावून. आज उभी राहून माझी चूक काढतेय. आणखी दहा काढू दे.”

आणि तिने पहिला घाणा बाजूला सारला, खजुराचं भांडं पुढे ओढलं आणि सारण पुन्हा मळायला घेतलं.